फ्लॅटचा भाव विचारण्याआधी

छत्रपती संभाजीनगर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतुजास,


शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी पक्की झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. आजीनं देवापुढे साखर ठेवली आणि तू आता इथेच राहणार म्हणून दिवसभर सगळ्यांना फोन केले. तू पाठवलेले तिन्ही फ्लॅटचे कागद मी नीट वाचले. सातारा परिसरातला नवा, कांचनवाडीचा बांधकाम चालू असलेला आणि सिडकोच्या एन-फोरमधला जुना. यांतल्या कोणत्या भागात भाव जास्त वाढेल, असं तू विचारलंस. बँकांना सर्च रिपोर्ट देण्यात माझी निम्मी वकिली गेली आहे, त्यामुळे या गावातल्या बहुतेक वसाहतींचे कागद माझ्या हातांखालून गेलेत. त्यावरून सांगते, इथे फ्लॅटचा भाव कारखान्याच्या बातमीनं चढतो, पण टिकतो तो पाण्यावर आणि कागदावर. तू कर्ज काढून घेणार आहेस, तेव्हा टिकणारा भाव बघ.

पुण्यात राहून तुला घर म्हणजे फ्लॅट हे समीकरण पाठ झालंय. इथे तसं नव्हतं. सिडकोनं १९७०च्या दशकात नवीन औरंगाबाद वसवायला घेतलं तेव्हा भूखंड दिले, बैठी घरं दिली, रो-हाऊस दिली. त्यामुळे आपली भिंत, आपली गच्ची, दारात तुळस ही ओढ लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. इथला माणूस फ्लॅट बघायला गेला तरी मनातल्या मनात विचारतो की एवढ्याच पैशात जरा पुढे गेलं तर रो-हाऊस मिळेल का. जिथे मिळतं, तिथे फ्लॅटचा भाव अडतो. ज्योतीनगर, समर्थनगर, उस्मानपुरा, उल्कानगरी या भागांत मोकळा भूखंड जवळपास उरला नाही. तिथे जुने बंगले पाडून अपार्टमेंट होतात, आणि डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, वाढवल्यावर तर ते जास्तच परवडायला लागलं. तिथल्या फ्लॅटला स्पर्धा दुसऱ्या फ्लॅटचीच. सातारा-देवळाई, पिसादेवी, हर्सूल, पडेगाव-मिटमिटा या बाजूंना मात्र जमीन पुष्कळ आहे. पाच वर्षांनी तू विकायला काढशील तेव्हा पलीकडच्याच प्लॉटवर कोरी इमारत उभी असेल, आणि गिऱ्हाईक तुझ्या वापरलेल्या फ्लॅटला नव्याएवढे पैसे कशाला देईल?

म्हणून प्रत्येक फ्लॅटखाली जमीन किती येते ते आधी काढ. समजा दोन इमारती, दोन्हींचा भूखंड १०,००० चौरस फूट. एकीत १६ फ्लॅट, दुसरीत ४०, सगळे सारखे. पहिलीत तुझ्या वाट्याला ६२५ चौरस फूट जमीन येते, दुसरीत २५०. इमारत दरवर्षी जुनी होते, लिफ्ट थकते, गच्ची गळते. किंमत वाढते ती जमिनीची. उद्या पुनर्विकासाची वेळ आली तर बोलणी याच हिश्श्यावर होतात. आपल्याकडे बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. त्यांच्या घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. एन-फोरच्या इमारतीत १२ फ्लॅट आहेत, तेव्हा तिथला आकडा बरा निघेल असं वाटतं. जाहिरातीत स्विमिंग पूल दिसतो, हा आकडा कुणी छापत नाही. घोषणापत्राची प्रत मागून घे.

आता पाण्याबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पुण्याहून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. जायकवाडीचा नाथसागर उशाशी असून आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं. जायकवाडीहून ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्यांवर इतकी वर्षं गाव तगलं. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, पुढे खर्च २,७४० कोटींवर गेला. पैठण रस्त्यानं २५०० मिलिमीटरची वाहिनी नक्षत्रवाडीकडे आणली आहे. योजना पूर्ण होईल, आज ना उद्या होईलच. पण मोठी वाहिनी नक्षत्रवाडीला पोचणं वेगळं आणि तुझ्या इमारतीच्या टाकीत पाणी पडणं वेगळं. मधे जलकुंभ हवा, गल्लीतली वाहिनी हवी, जोडणी हवी.

सातारा-देवळाईला २०१४ मध्ये नगरपरिषद मिळाली आणि २०१५ मध्ये तो भाग महापालिकेत आला. तिथे घरं आधी झाली, ड्रेनेज आणि पाण्याच्या वाहिन्या मागून. आजही कितीतरी इमारती बोअर आणि टँकरवर चालतात. तू फ्लॅट बघायला जाशील तेव्हा टाइल्स, किचन ओटा नंतर बघ. आधी सोसायटीच्या सचिवांकडून मार्च ते जूनचं जमाखर्चाचं रजिस्टर माग. नवी इमारत असेल तर शेजारच्या इमारतीचं माग, लोक दाखवतात. वॉचमनचा पगार, लिफ्टची देखभाल, कॉमन लाइट यांच्या खाली टँकरची ओळ असते. उन्हाळ्यात ती बाकी सगळ्या ओळींपेक्षा मोठी होते. समजा २४ घरांची इमारत आहे, रोज एक टँकर, टँकरचे हजार रुपये. महिन्याला ३०,००० झाले, म्हणजे तुझ्या वाट्याचे १,२५०. भाडेकरूही हे विचारूनच येतो आणि तेवढं भाडं कमी करून मागतो. फ्लॅटचा भाव असा उन्हाळ्यात हळूहळू झिजतो, कुणाच्या लक्षात येत नाही.

सातारा परिसराच्या बाजूनं एक गोष्ट मात्र खरी आहे. सोलापूर-धुळे महामार्गाचा नवा बायपास झाल्यावर जड वाहनं बरीचशी तिकडे वळली, बीड बायपास रुंद झाला, पूल झाले. एकेकाळी तो रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागायचा. रस्ता सुधारल्यावर तिथले फ्लॅट खपायला लागले, आणि ते योग्यच होतं. आता पाणी व ड्रेनेज आलं की पुढची पायरी. पण ती पायरी चढून झाल्यासारखा भाव आज कुणी सांगत असेल तर तो तू का द्यायचा?

कांचनवाडीवाल्यांनी तुला टोयोटाचं सांगितलं असणार. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करचा बिडकीनच्या प्रकल्पासाठी करार झाला, एथर या स्कूटर कंपनीचीही घोषणा झाली, आणि पैठण रोडवर एका रात्रीत भाव बोलायला लागले. ऑरिक ही शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी खरी आहे, कारखाने येतील, याबद्दल मला शंका नाही. पण वाळूज आठव. बजाजचा कारखाना तिथे १९८५ मध्ये सुरू झाला. कामगारांनी बजाजनगर, रांजणगाव आणि वाळूजजवळचं पंढरपूर भरून गेली, भाड्याच्या खोल्यांना गिऱ्हाइकांचा तोटा राहिला नाही. अधिकारी मंडळी मात्र मुलांच्या शाळा आणि दवाखाने बघून शहरातच राहिली, कंपनीच्या बसनं जात-येत राहिली. कारखान्याशेजारी भाडं आधी वाढतं. चांगल्या फ्लॅटचा भाव शाळांच्या मागे जातो. शिवाय तुला जायचंय शेंद्र्याला. शेंद्रा जालना रोडवर पूर्वेला, बिडकीन पैठण रोडवर दक्षिणेला. कांचनवाडीहून रोज अख्खा बीड बायपास पार करून झाल्टा फाटा, केंब्रिज चौक, मग शेंद्रा. एन-फोरमधून निघालीस तर मुकुंदवाडी ओलांडली की जालना रोड सरळ तुझ्या गेटकडे जातो.

एन-फोरच्या फ्लॅटलाही मी डोळे झाकून हो म्हणत नाही. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची. हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं, आणि ते कोण भरणार हे आधी ठरवून घ्यायचं. फ्रीहोल्डची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे; तुझ्या मालकाच्या कागदावर आज काय आहे तेवढंच धर. इमारत जुनी असल्यानं बँक कर्जाची मुदत कमी देईल, तेही मोजून ठेव.

भाव नक्की किती, हे एजंटला विचारण्याआधी नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर त्याच इमारतीचे, निदान त्याच गल्लीतले गेल्या दोन वर्षांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, काढ. त्यात मोबदला आणि बाजारभाव शेजारी-शेजारी असतात. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाचा, जो दोन वर्षं तसाच ठेवून १ एप्रिल २०२५ ला वाढवला. मुद्रांक शुल्क दोहोंतल्या जास्त रकमेवर लागतं. सगळ्याच दस्तांत मोबदला रेकनरच्या अगदी काठावर दिसला तर वरचे पैसे रोखीनं फिरतात असं समज आणि तिथून सरळ बाहेर पड. ज्या दस्तांवर बँकेचा बोजा आहे, ते जास्त विश्वासाचे. खरेदी तुझ्या एकटीच्या नावानं कर, महिलांना शुल्कात एक टक्का सूट आहे.

कांचनवाडीचा फ्लॅट ४४ लाख ९० हजारांना का आहे, कळलं का? बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर एप्रिल २०१९ पासून ४५ लाखांपर्यंत १ टक्का जीएसटी आहे, त्याच्या वर ५ टक्के. पण पार्किंग, क्लब, वीज मीटर अशी इतर रक्कम मिळवली की तो ४५ च्या वर जातो, आणि पुढे वाद तुझ्या माथी येतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीला हा करच नाही.

भाड्याचाही हिशेब कर. ४५ लाखांच्या फ्लॅटला समजा १२,००० भाडं मिळालं, तर वर्षाचे १,४४,००० झाले. म्हणजे सव्वातीन टक्केसुद्धा नाही, आणि कर्जाचं व्याज त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घे असं कुणी सुचवलं तर हात जोड. राहायला एक घे, आणि जिथे किमान दहा वर्षं राहशील तिथे घे.

सातारा परिसरातल्या त्या फ्लॅटचं टोकन शनिवारपर्यंत मागतायत असं तू लिहिलंस. देऊ नकोस. इमारत आठच फ्लॅटची आहे, म्हणून महारेराच्या नोंदणीतून सुटली आहे. तेव्हा मंजूर नकाशा, एनए (बिगरशेती) आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र आपल्यालाच तपासावं लागेल. तो प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीविना पाडलेल्या तुकड्यांतला निघाला, तर नियमित करण्याची सरकारची सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना आहे, आणि ही इमारत त्यानंतरची. हे तीन कागद व्हॉट्सअॅपवर पाठव. एन-फोरच्या मालकांना सांग की आत्या वकील आहे, सिडकोचं हस्तांतरण पत्र आणि घोषणापत्र बघायला रविवारी येईल. तूही सकाळच्या गाडीनं ये, म्हणजे तिथलं जमाखर्चाचं रजिस्टर आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
आत्या