मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर घेताना

जीपीएल परवान्याचे सॉफ्टवेअर विकता येत नाही, हा बीडकडे वारंवार ऐकू येणारा समज चुकीचा आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने 1989 मध्ये काढलेल्या या परवान्याने विक्रीला कधीच बंदी केलेली नाही. अट वेगळी आहे. ज्याला प्रोग्राम दिला, त्याला सोर्स कोड मिळालाच पाहिजे. तो बदलण्याची आणि पुढे देण्याची मुभाही.

या अटीचे मोल हंगामाच्या तोंडावर कळते. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोणत्या कोयत्याला किती उचल दिली, किती फिटली, हे मुकादमाला सांभाळावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातल्या एका मुकादमाने जीपीएलखालच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये उचलीचे रकाने घालून घेतले. पैसे चोख मोजले, कोड मात्र मागितला नाही. पुढे करून देणारा गाव सोडून गेला. दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या निघायच्या आधी, संगणक बदलला आणि प्रोग्राम उघडेना. कोड देणे त्या माणसावर बंधनकारक होते, पण मागायचा कोणाकडे? हाती असता तर दुसऱ्या कोणीही दुरुस्ती केली असती.

म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी प्रोग्राम, सोर्स कोड आणि परवान्याची प्रत पेनड्राइव्हवर ताब्यात घ्यावी. ‘मागाल तेव्हा देऊ’ असे कोणी म्हटले, तर ते लिहून घ्यावे. जीपीएलच्या 1991 च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार असे लेखी आश्वासन किमान 3 वर्षे पाळावे लागते.

कोड साऱ्या जगाला वाटावा लागतो, ही भीतीही निराधार आहे. बदल स्वतःपुरते वापरले तर तो कोणालाच द्यावा लागत नाही. मजुरांची नावे आणि उचलीचे आकडे परवान्याच्या कक्षेतच येत नाहीत. परवाना बदलला की अटीही बदलतात. उदाहरणार्थ, मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतो. त्यात जुळवलेली लग्नपत्रिका छापखान्याने खुशाल विकावी. नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही.

क्रॅक केलेली प्रत फुकट मिळाली तरी ती मुक्त ठरत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवरही लेखकाचा कॉपीराइट कायम असतो आणि अटी मोडल्यास 1957 च्या कॉपीराइट कायद्याखाली दावा होऊ शकतो.

प्रोग्राम नीट चालेल याची हमी जीपीएल देत नाही. ती हवी असल्यास करून देणाऱ्याशी वेगळा करार करावा आणि दर हंगामापूर्वीची तपासणी त्यात घालावी.