लकवा : मेंदूत रक्त सांडल्यावर पेशी कशा मरतात?



या महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचायचा हा आरोग्याचा पाठ. माणूस अचानक पडला, तोंड वाकडं झालं, की आपण "लकवा मारला" म्हणतो. लकव्याचे मुख्य प्रकार दोन. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. दुसऱ्यात ती फुटते आणि मेंदूत रक्त सांडतं. आज हा दुसरा प्रकार बघू.

नस का फुटते?
बरेचदा वाढलेल्या बीपीमुळे. भर पावसात बांधीत पाणी साचत गेलं, की धुरा आतून कमजोर होतो आणि एक दिवस फुटतो. वर्षानुवर्षे बीपी जास्त राहिला, की मेंदूतल्या बारीक नसांचंही तसंच होतं. आणि दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही.

पहिला घाव : पहिले काही तास
कवटी हाडाची, ती फुगत नाही. सांडलेल्या रक्ताचा गोळा होतो आणि शेजारच्या पेशी चिरडतो. बऱ्याच रुग्णांत हा गोळा पहिल्या काही तासांत वाढत राहतो.

दुसरा घाव : पुढचे काही दिवस
गोळ्यातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन बाहेर पडतं आणि त्यातलं लोह सुटं होतं. नसेत असताना हेच हिमोग्लोबिन आपल्याला प्राणवायू पुरवतं. पण बाहेर सांडलेलं सुटं लोह पेशींचं स्निग्ध आवरण खराब करतं आणि पेशी मरतात. भोवती सूजही वाढते. म्हणून पहिल्या दिवशी बोलणारा रुग्ण तिसऱ्या दिवशी बिघडू शकतो. (आपल्या लोहाच्या गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही. त्या बंद करू नका.)

म्हणजे नुकसान एका क्षणात संपत नाही, ते चालूच असतं. म्हणूनच लवकर पोहोचलं तर वाचवण्यासारखं बरंच असतं. डॉक्टर बीपी लवकर खाली आणतात, सुजेवर लक्ष ठेवतात, गरज पडली तर ऑपरेशन करतात.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सातातला साधारण एक मृत्यू लकव्याने झाला होता, आणि त्यातले बहुतेक जण घरीच गेले.

काय करायचं?
- तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं, किंवा अचानक भयंकर डोकेदुखी आणि उलटी : लगेच 108 ला फोन. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा.
- सीटी स्कॅन आहे अशा दवाखान्यात न्यायला सांगा. गुठळी की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय नक्की कळत नाही.
- रुग्णाला कुशीवर झोपवा. तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नका. रक्त पातळ करायची गोळी घरी देऊ नका, रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते.
- मालिश, झाडफूक यात वेळ घालवू नका.

आणि त्याआधी?
तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने उपकेंद्रात बीपी मोजून घ्या. 140/90 किंवा जास्त येत राहिला तर डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू झाली की ती "आता बरं वाटते" म्हणून सोडायची नाही, रोवणीच्या घाईतही नाही. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, लोणचं-पापड धरून. खर्रा बंद.

बैठकीत चर्चेसाठी
1. आपल्या गटात कोणाकोणाचा बीपी मोजलेला नाही?
2. गोळी कोणी मधेच सोडली? का?
3. रात्री 108 आली तर गाडीपर्यंत रुग्णाला कोण नेईल, सोबत कोण जाईल?

उत्तरं गटाच्या ठराव वहीत लिहा. पुढच्या महिन्यात मी गावात येईन तेव्हा ती वही आपण सोबत बसून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक