लिनक्सचा संगणक नव्या हार्ड डिस्कवर नेताना

दुकान एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात हलवायचे असेल तर आपण काय करतो? माल मोजून नेतो, पाटी लावतो आणि व्यापाऱ्यांना नवा पत्ता कळवतो. माल पोचला पण पत्ता कळवला नाही, तर गाळा भरलेला असूनही धंदा बंद राहतो. लिनक्सची हार्ड डिस्क बदलतानाही नेमके हेच घडते.

माझ्या कापडाच्या दुकानातील संगणकाची हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली. रोजमेळ, खतावणी, कारागिरांची मजुरी, गिऱ्हाइकांची उधारी सारे तिच्यातच होते. घाईघाईने सर्व फाईली नव्या डिस्कवर उतरवल्या, जुनी काढली आणि बटण दाबले. पडदा काळाच! माल पोचला होता, पत्ता राहिला होता. जुनी डिस्क मी पुसली नव्हती, म्हणून वाचलो. त्या चुकीतून जे शिकलो ते येथे क्रमाने देत आहे.

पहिले काम : हिशेबाची फोल्डरे आधी वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. आवाज करणारी डिस्क केव्हा बसेल याचा भरवसा नाही. बाकी सारे त्यानंतर.

दुसरे काम : चालू लिनक्सची नक्कल करू नका. दुकान उघडे ठेवून माल मोजला तर मोजणी चुकणारच. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा, म्हणजे जुनी डिस्क शांत राहते. नंतर एल-एस-बी-एल-के ही आज्ञा देऊन दोन्ही डिस्कची नावे, आकार व भाग पाहा. एसडीए, एसडीबी ही नावे अदलाबदल होऊ शकतात. म्हणून डिस्क आकारावरून ओळखा आणि नावे कागदावर लिहून ठेवा.

तिसरे काम : नव्या डिस्कवर जीपार्टेडने भाग पाडा. मुख्य भाग ईएक्सटी4 पद्धतीचा करा. संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू होत असेल तर सुमारे 500 एमबीचा एक छोटा फॅट32 भागही हवा. त्यावर ईएसपी ही खूण लावा.

चौथे काम, नक्कल : डीडी नावाची आज्ञा आख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवते, पण रिकामी जागाही उतरवते. तिच्यात आयएफ म्हणजे 'कोठून' आणि ओएफ म्हणजे 'कोठे'. या दोहोंची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क हिशेबावर उतरते व सारे जाते. म्हणून मी आर-एस-वाय-एन-सी ही आज्ञा वापरतो. जुना भाग केवळ वाचण्यापुरता जोडावा, नवा लिहिण्यासाठी. आज्ञेपुढे आडवी रेघ देऊन लहान ए, मोठा ए, मोठा एक्स व मोठा एच ही अक्षरे द्यावीत, म्हणजे फाईलींचे मालक, परवानग्या व जोडण्या टिकतात. जुन्या भागाच्या नावाशेवटी तिरपी रेघ विसरू नका. ती नसेल तर सारा माल नव्या डिस्कवर आणखी एका फोल्डरात जाऊन पडतो. होमचा भाग वेगळा असेल तर त्याची नक्कल वेगळी करावी.

पाचवे काम, पत्ता : येथेच माझी चूक झाली होती. प्रत्येक भागाला यूयूआयडी नावाची लांबलचक ओळख असते. नवा भाग म्हणजे नवी ओळख. बी-एल-के-आय-डी या आज्ञेने ती पाहावी आणि नव्या डिस्कवरील ईटीसी फोल्डरातील एफएसटॅब या फाईलीत जुन्या ओळखीच्या जागी लिहावी. स्वॅप व यूईएफआयच्या ओळीही तपासाव्यात.

सहावे काम, पाटी : लिनक्स सुरू करून देणारा ग्रब हा कार्यक्रम फाईलींच्या नकलेबरोबर आपोआप बसत नाही. नव्या भागाला डेव्ह, प्रॉक व सिस ही फोल्डरे आतल्या जोडण्यांसह जोडा. यूईएफआय असल्यास तो छोटा भाग बूट फोल्डरातील ईएफआयवर जोडा. मग सी-एच-रूट आज्ञेने नव्या लिनक्समध्ये शिरा व ग्रब-इन्स्टॉल द्या. जुन्या बायोस पद्धतीत येथे आख्ख्या डिस्कचे नाव द्यावे, भागाचा आकडा नको. शेवटी डेबियन व उबुंटूवर अपडेट-ग्रब द्यावे.

आता संगणक बंद करून जुनी डिस्क काढा आणि केवळ नवीवर सुरू करा. जुनी लावलेलीच राहिली तर संगणक गुपचूप तिच्यावरूनच सुरू होईल आणि आपण समजू की काम झाले. सुरू झाल्यावर खतावणी उघडून शेवटची नोंद कागदाच्या वहीशी ताडून पाहा. एक बिल छापून पाहा.

एवढे झाले तरी जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नका, विकू नका. तारीख लिहून कपाटात ठेवा. दुसऱ्याच्या उधारीचा व मजुरीचा हिशेब ही आपल्याकडे अमानत असते. नव्या गाळ्यात महिनाभर धंदा नीट चालल्यावरच जुन्या गाळ्याची किल्ली परत करावी.