गोरिलांच्या वाटेवर एक दिवस राखून ठेवा

युगांडात गोरिला पाहायला निघालेल्या कुणीही सल्ला विचारला, की मी आधी विचारते, “परमिट कुठल्या विभागाचं आहे?” बहुतेकांना ते ठाऊक नसतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आम्ही गोरिला पाहायला गेलो ते ब्विंडीचं राष्ट्रीय उद्यान नकाशावर लहानसं दिसतं. पण बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि नकुरिंगो हे त्याचे प्रवेशाचे चार विभाग डोंगराळ जंगलाभोवती विखुरलेले आहेत. आमच्या एजंटने परमिटं काढली रुशागाची आणि मुक्काम ठरवला बुहोमाला. एक टोक उत्तरेला, दुसरं दक्षिणेला. परमिट ठरलेल्या तारखेचंच असतं आणि सकाळी आठच्या सुमारास हजर राहावं लागतं. त्यामुळे काळोखातच निघणं भाग पडलं.

रात्रभर पाऊस झाला होता. एका चढावर गाडी तांबड्या चिखलात रुतली. चाकं जागच्या जागी फिरत होती आणि दरीची कड हातभरावर होती. शेताकडे निघालेली माणसं कुदळी घेऊन धावून आली. त्यांनी चाकांपुढची माती उकरली, फांद्या तोडून खाली घातल्या आणि गाडी ढकलून वर काढली. आम्ही पोचलो तेव्हा शेवटचा गट निघायच्या बेतात होता.

खरा धोका त्याच्या पुढे होता. आमच्यातल्या एकाला आदल्या दिवसापासून सर्दी होती. रेंजरने विचारलं, “कुणाला ताप, खोकला?” तो गप्प राहिला. इतका खर्च, इतकी धावपळ, आणि दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास. हातचा दिवस गेला तर सगळंच गेलं, असं त्याला वाटलं. अर्ध्या चढावर खोकल्याची ढास लागली. रेंजरने पोर्टर सोबत देऊन त्याला शांतपणे परत पाठवलं, आणि ते योग्यच केलं.

माणसाची साधी सर्दी गोरिलाच्या जिवावर बेतू शकते. २००९ साली रवांडात माणसांमधल्या श्वसनाच्या विषाणूने एका कळपातली मादी आणि पिल्लू दगावलं होतं. २०१८ च्या सुमाराच्या गणनेनुसार डोंगरी गोरिला जगात उरलेत जेमतेम १,०६३, आणि तेही फक्त ब्विंडी आणि विरुंगा या दोन भागांत. म्हणूनच एका कळपाजवळ दिवसातून आठच पाहुणे, एकच तास, तोंडाला मास्क आणि मधे ठरावीक अंतर.

तो तास मिळाला तेव्हा हे सगळे नियम पटले. रुपेरी पाठीचा नर वेलीची साल दातांनी सोलून आतला गर खात होता. पिल्लू त्याच्या पाठीवरून घसरत होतं आणि तो मान वळवूनही बघत नव्हता. रेंजर अधूनमधून घसा खाकरल्यासारखा खोल आवाज काढे. आम्ही त्रास देणार नाही, हे कळपाला सांगण्यासाठी.

तेव्हा निघण्याआधी एवढं करा. परमिट हातात पडल्यावर त्यावरचा विभाग बघा आणि मग त्याच बाजूचा मुक्काम ठरवा. परदेशी पाहुण्याला परमिट ८०० डॉलरला पडतं, ते महिनोन्‌महिने आधी काढा. कंपालाहून गाडीने पोचायला आख्खा दिवस धरा, आणि रात्रीचा प्रवास टाळा. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पावसाचे महिने शक्यतो सोडा. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र युगांडात लागतं आणि भारतात परततानाही. पँट मोज्यांत खोचा, बागकामाचे जाड हातमोजे घाला, कारण खाजकुयलीसारखी झोंबणारी झुडपं सगळीकडे आहेत. दम असला तरी गावातला पोर्टर घ्या. जंगल राखण्याचा फायदा त्या गावांना दिसला, तरच जंगल टिकेल.

आणि ट्रेकनंतर एक दिवस मोकळा ठेवाच. उशीर झाला, प्रकृती बिघडली, तर सावरायला वाव राहतो. आजार लपवण्याचा मोह होत नाही. अंगात कणकण वाटली तर रेंजरला स्वतःहून सांगा आणि मागे फिरा. पैसे पुन्हा साठवता येतील, गेलेला गोरिला परत आणता येणार नाही.