युरियाचं पोतं आणि सरकारी अनुदान

पेरणी होते, पिकं वर येतात, मग आपली धाव युरियाकडे. कडुलिंबाचं तेल लावलेलं ४५ किलोचं पोतं आपण २६६ रुपये ५० पैशांना घेतो. कारखान्यात ते एवढ्या पैशात तयार होतं का? नाही. खर्च बराच जास्त येतो. वरची भर सरकार घालतं. तिलाच अनुदान म्हणतात.

हा पैसा कुणाचा? आपण साबण घेतो, कापड घेतो, त्यावर कर भरतो. त्यातलाच हा पैसा. तेव्हा त्याचं काय होतं, हे आपण विचारलं पाहिजे.

युरियात पिकाला लागणारा नत्र असतो. नत्र हवेत आहे, तो फुकट मिळतो. पण तो धरून ठेवायला कारखान्यात नैसर्गिक गॅस लागतो. काही कारखाने नाफ्था नावाचं तेल वापरीत. गॅस काय, तेल काय, दोन्ही महाग. टनभर युरियाला ज्याला ते कमी लागेल, तो कारखाना कसबी म्हणायचा.

नोव्हेंबर १९७७ मध्ये सरकारने एक पद्धत सुरू केली. प्रत्येक कारखान्याचा खर्च वेगळा धरायचा. कर जाऊन भांडवलावर शेकडा १२ नफा मिळेल असा भाव ठरवायचा. विक्रीत जेवढं कमी पडेल तेवढं सरकारने भरून द्यायचं.

याचा फायदा झाला, तो नाकारून चालणार नाही. बुडण्याची भीती नव्हती, म्हणून नवे कारखाने निघाले. अलिबागजवळ थळला मोठा कारखाना उभा राहिला तो याच काळात. ठरल्यापेक्षा जास्त माल काढला तर फायदा कारखान्याचा, म्हणून यंत्रं भरपूर चालली.

पण एक खोट राहिली. समजा, गावात दोन गुऱ्हाळं आहेत. एकाचं चुलवाण नीट, थोड्या चिपाडात काहील उकळते. दुसऱ्याचं चुलवाण फुटकं, जळण दुप्पट जातं. उद्या कुणी म्हणालं, “ज्याला जेवढा खर्च, त्याला तेवढी भरपाई,” तर फुटकं चुलवाण लिंपील कोण? कारखान्यांचं असंच झालं. खर्च ज्याचा जास्त, त्याला अनुदान जास्त. काटकसर करणाऱ्याच्या पदरात फारसं काही नाही. आम्हाला तर हा उलटा न्याय वाटतो.

२००३ मध्ये सरकारने ही पद्धत बदलली. कारखाना किती जुना, कशावर चालतो, हे पाहून सहा गट केले आणि अनुदानाला गटाचा आधार दिला. गटापेक्षा खर्च जास्त आला की कारखान्याला झळ लागू लागली. पुढे नाफ्थावरच्या काही कारखान्यांनी यंत्रं बदलून गॅस धरला. २०१५ मध्ये गॅसवरच्या कारखान्यांचे तीन गट करून टनामागे ऊर्जा किती लागावी, याचं मापच ठरवून दिलं. त्या मापापेक्षा जास्त जाळलं, तर तो भुर्दंड कारखान्याने स्वतः सोसायचा.