‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणण्याआधी

‘सत्तरीत आईच्या मांड्या अशाच वाळल्या होत्या, आता माझी पाळी. रक्तातच आहे म्हटल्यावर व्यायामाने काय होणार?’ हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात.

अनुवंशाचा वाटा आहे, आणि तो लहान नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की मुठीच्या ताकदीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण निम्मा जनुकांमुळे असतो. पण जनुकं अनेक, आणि एकेकाचा परिणाम किरकोळ. सर्वांत गाजलेलं एसीटीएन-३ घ्या. झटकन जोर लावणाऱ्या स्नायूतंतूंतलं एक प्रथिन त्याच्यामुळे तयार होतं. जगात दर 5-6 माणसांमागे एकाच्या शरीरात ते बनतच नाही, तरी ती माणसं बिनघोर जिने चढतात. असल्या एखाद्या जनुकावरून व्यायाम सुचवणाऱ्या महागड्या चाचण्या हल्ली विकल्या जातात. माझं ऐकाल तर तो पैसा फिजिओथेरपिस्टवर खर्च करा.

सारख्याच व्यायामाने एकाची ताकद भराभर वाढते, दुसऱ्याची सावकाश. त्यातही अनुवंश आहेच. पण सावकाश म्हणजे शून्य नव्हे. बोस्टनमध्ये डॉ. मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून 8 आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले. 1990 साली निष्कर्ष छापून आले: व्यायाम पुरा करणाऱ्या 9 जणांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती.

तुमचे पाय कसे आहेत ते घरीच बघा. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा, जवळ कुणाला तरी उभं करा. हात छातीवर घडी घालून 5 वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले, किंवा हाताचा टेकू घ्यावाच लागला, तर डॉक्टरांना दाखवा. व्यायामाची सुरुवातही याच उठाबशांनी करता येते: आठवड्यातून 2-3 दिवस, झेपेल तितक्या, हळूहळू वाढवत. सकाळचं फिरणं सोडू नका. मात्र नुसत्या फिरण्याने मांडीत जोर येत नाही.

आणि पातळ वरण-भातावर स्नायू पोसले जात नाहीत. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 60 ते 70 ग्रॅम प्रथिनं हवीत. उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी-मासळी, हे दोन्ही जेवणांत असू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एकाच बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर मात्र ते ना वय, ना घराणं. ताबडतोब रुग्णालय गाठा.