लाट आणि किनारा

मंडळी, आपल्या परभणी जिल्ह्यात समुद्र नाही. पण लाटा आपल्याला ठाऊक आहेत. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. ते १९६८ साली पुरं झालं. वारा सुटला, की तिथल्या पाण्यावर लाटा उठतात आणि बांधावर आपटतात. मातीच्या बांधाला पाण्याच्या अंगानं दगडाचं पिचिंग करतात, ते याच्यासाठीच. पिचिंग नसलं, तर लाटा माती खात खात बांध पोखरतील.

लाट म्हणजे काय? पाण्यावर ज्वारीचं एक वाळलं पान टाकून पहा. लाट आली, की पान वर चढतं. लाट गेली, की खाली उतरतं. पण राहतं जवळपास तिथंच. म्हणजे पुढं जाते ती लाट, पाणी नव्हे. उभ्या ज्वारीवरून वारा गेला, म्हणजे शेतभर लहर धावते. ताटं मात्र आपल्या जागीच डुलतात. तसंच हे.

लाट उठवतो वारा. त्याला धावायला जागा लागते. विहिरीत जागा नाही, म्हणून लाट नाही. येलदरीत थोडी आहे. अरबी समुद्रात तर शेकडो कोस मोकळे. म्हणून तिथली लाट मोठी.

ही लाट काठाजवळ उथळ पाण्यात आली, की तिचा पाय तळाला अडखळतो. तिची चाल मंदावते आणि उंची वाढते. शेवटी डोकं पुढं झुकून ती फुटते. चार फुटांची लाट सुमारे पाच फूट पाण्यात फुटते, असा अंदाज धरावा.

आता किनाऱ्याचा उतार पहा. कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. अलिबागची पुळण सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं मागं हटतं, की समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात लोक चालत जातात. अशा सपाट जागी लाट दुरूनच फुटू लागते. फेसाळत, दमत येते आणि पायाशी पातळ पाणी पोचतं.

उभ्या उताराची गोष्ट निराळी. तिथं लाट दूरवर फुटतच नाही. अगदी काठाशी येऊन धाडकन् आदळते. मग ते सारं पाणी उतारावरून जोरानं मागं पळतं आणि पायाखालची वाळू ओढून नेतं. अशा जागी दोन पावलांत गुडघाभर पाण्याचं गळाभर पाणी होतं.

आपल्याकडची माणसं देवदर्शनाला गणपतीपुळ्याला जातात. दर्शन झालं, की समुद्रात उतरतात. नदीत पोहणारा गडी म्हणतो, ‘मला काय त्याचं!’ तिथं भाविक बुडाल्याच्या घटना पुष्कळ वेळा झाल्या आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यात मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. त्या घरांवर काय प्रसंग आला असेल!

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत कुठून तरी जायचंच. वाळूत कुठं खोलगट वाट असली, तर ते तिथून वेगानं समुद्रात शिरतं. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, फेस कमी दिसतो. नवखा माणूस म्हणतो, ‘इथं पाणी शांत आहे.’ आणि नेमका तिथंच उतरतो! अशा ओढीत कुणी सापडला, तर त्यानं सरळ काठाकडं हात मारू नयेत. दम तुटतो. काठाला समांतर, बाजूला पोहावं. ही ओढ बहुधा अरुंद असते. बाजूला सरकलं, की सुटका होते. पोहता येत नसेल त्यानं घोट्यापलीकडं जाऊच नये. गावच्या कोळ्यांना आधी विचारावं. त्यांना ती जागा माहीत असते.

किनाऱ्याचा आकारही लाटेला वळवतो. बैलगाडीचं डावं चाक चिखलात रुतलं, की गाडी डावीकडं वळते. लाटेचंही तसंच. जो भाग उथळावर येतो तो मंदावतो, बाकीचा पुढं जातो आणि लाट उथळाकडं वळते. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकापुढं पाणी उथळ असतं. म्हणून दोन्हीकडून लाटा त्या टोकावर तुटून पडतात. दोन टोकांमधल्या आतल्या वळणात मात्र त्यांचा जोर पसरतो, वाळू साठते. हरिहरेश्वरला हे दोन्ही दिसतं. तिथली प्रदक्षिणेची वाट खडकावरून समुद्राला लागून जाते. त्या खडकाला भोकं पडून जाळी झाली आहे. ही प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी येते, तेव्हा तर फारच जपावं लागतं.

पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीची वाळू ओढून आत नेतात. ती पाण्याखाली बांधासारखी पडून राहते. हिवाळ्यातल्या लहान लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात. म्हणून श्रावणात अरुंद दिसलेली पुळण माघात पुन्हा रुंद झालेली असते.